कारणाचा रकाना

ऑस्ट्रेलियात जात नाही. हे संशोधनाने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही, कारण सिडनीतल्या एका मराठी मंडळाचे तीन माजी अध्यक्ष ते माइकवरून सांगून गेले आहेत आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या आहेत. जात मुंबईच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये, पाण्याच्या बाटलीबरोबर राहून जाते अशी सर्वसाधारण समजूत आहे. यतीन आणि मितालीच्या ब्लॅकटाउनमधल्या घरी ती मे महिन्यातल्या एका मंगळवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी परत आली. मोबाइलवर आली. सोबत अनन्याचा डाळ-भात खातानाचा फोटो होता.

अनन्या सव्वादोन वर्षांची. बाप शहरात सॉफ्टवेअर कंपनीत, आई वेस्टमीडच्या एका लॅबमध्ये लोकांचे रक्त तपासणारी. सकाळी साडेसातला मूल पाळणाघरात सोडायचे आणि संध्याकाळी पाचला आणायचे. मधल्या साडेनऊ तासांत मूल कसे आहे, हे सांगायला पाळणाघराचे अ‍ॅप होते. किती खाल्ले, कधी झोपली, नॅपी केव्हा बदलली, बाहेर जाताना सनस्क्रीन लावले की नाही, सगळ्याची नोंद फोटोसकट येत असे. नोंदी पाहायची परवानगी चौघांना होती. आईबाप, आणि पुण्याला आजी-आजोबा, म्हणजे यतीनचे आईवडील. आजोबा मुरलीधरराव पहिल्याच दिवशी पासवर्ड विसरले आणि तो त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. आजी चित्रलेखाबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या एकही नोंद चुकवत नसत. सिडनीत नातीचे जेवण झाले की पुण्यात सकाळच्या सातचा चहा होई, आणि चहाबरोबर त्या बशीतला भात मोजत.

आठ महिने त्या नोंदींच्या खाली एकच नाव येई: तेजश्री. चित्रलेखाबाई कृतकृत्य होत्या. "मराठी मुलगी मिळाली गं, नशीब आपलं. दिवाळीला तिलाही फराळाचा डबा दे हो." डबा गेला होता. मग अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीने पारदर्शकता वाढवायचे ठरवले, आणि त्या मंगळवारपासून कर्मचाऱ्यांची पूर्ण नावे दिसू लागली. डाळ-भात, पूर्ण खाल्ला. भरवले: तेजश्री सोनकांबळे.

यतीन-मितालीचे आडनाव या कथेत येणार नाही. तेजश्रीचे आले, कारण ते आल्याशिवाय काही घडलेच नसते.

सव्वाबाराला मितालीचा फोन वाजला.

"मिताली, ती तेजश्री कुठली गं?"

"नांदेडकडची. का हो, आई?"

"सहज. आज नाव पूर्ण आलं."

मितालीने हातातला नमुन्यांचा ट्रे फ्रीजमध्ये ठेवला आणि फ्रीजचे दार गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवले.

"आठ महिने तीच भरवतेय, आई."

"तेव्हा माहीत नव्हतं."

"मग आता काय बदललं?"

"बदललं असं मी म्हटलंय का? आमच्याकडे हे असलं कधी पाळलं नाही. यतीनचे मित्र सगळ्या जातींचे जेवायला यायचे, वेगळी ताटं कधी काढली नाहीत. खेळवू दे, झोपवू दे, सगळं करू दे तिला. फक्त भरवायचं तेवढं दुसऱ्या कुणी केलं तर काय बिघडतं? इतक्या बायका आहेत तिथे."

त्या इतक्या बायकांमध्ये एक फिलिपिनो होती, एक लेबनीज आणि एक फिजीची. त्यांच्या हातचे चालणार होते. त्यांची आडनावे चित्रलेखाबाईंना वाचता आली, तरी त्यांवरून जात लागत नव्हती.

संध्याकाळी यतीन डिशवॉशर भरत होता. आपण पुरोगामी आहोत हे त्याला ठाऊक होते, त्यामुळे त्याने आधी तेच सांगितले.

"मला हे अजिबात पटत नाहीये. पण न पटण्यावरून आईशी भांडत बसू का? जुलैत येतेय ती तीन महिने. रोज हेच ऐकायचंय का तुला? एक लाइन लिहून टाक ना."

"तू लिही."

"डेकेअरचं तू बघतेस."

मितालीने अ‍ॅप उघडले. मुलाच्या माहितीत 'सांस्कृतिक गरजा' नावाची जागा होती. तिने एक वाक्य लिहिले आणि पुसले. दुसरे लिहिले, तेही पुसले. मराठीत मनाशी जे म्हणावे लागत होते ते लिहिण्यासारखे नव्हते. इंग्रजी मात्र अशा वेळी माणसाला उघड्यावर पाडत नाही. तिच्यात 'कल्चरल' हा शब्द आहे. आमच्या कल्चरल कारणांसाठी अनन्याला तेजश्रीऐवजी दुसऱ्या कोणी भरवावे, धन्यवाद. चार मिनिटांत उत्तर आले: नो वरीज, आणि पुढे एक हृदय.

उत्तर शॅरनचे होते. शॅरन ही पाळणाघराची संचालक. बावीस वर्षांचा अनुभव, मनाने लोण्यासारखी. हलाल म्हणजे काय हे ती शिकली होती, गोमांस कोणाला चालत नाही हे शिकली होती, कांदा-लसूण न खाणाऱ्या एका मुलासाठी तिने वेगळी कढई आणली होती. हीसुद्धा तशीच एक गोष्ट असणार, असे ती धरून चालली. तिने अनन्याच्या नावापुढे नारिंगी पट्टी लावली.

बुधवारी जेवणाच्या वेळी तेजश्रीच्या एका हातात अनन्याचा वाडगा होता आणि दुसऱ्या हातात टॅबलेट. भरवण्यापूर्वी मुलाच्या नावापुढच्या सूचना वाचायच्या असा नियम आहे. तिने वाचली. पुन्हा वाचली. मग वाडगा शेजारच्या मारिसेलकडे दिला. मारिसेल म्हणजे ती फिलिपिनो सहकारी.

मारिसेलने पट्टी पाहून विचारले, "कल्चरल म्हणजे नक्की काय गं?"

"म्हणजे तू भरव," तेजश्री म्हणाली.

ती विद्यार्थी म्हणून आली होती. बालशिक्षणाची पदविका घेतली, पहाटे ऑफिसांचे जिने पुसले, आणि दोन वर्षांपूर्वी कायमचे राहण्याचा परवाना मिळाला. दोन ते तीन वर्षांच्या पाच मुलांची ती रोजची बाई. कोण रडताना कान धरतो आणि कोण भूक लागल्यावर झोप आल्याचे सोंग करतो, हे तिला अ‍ॅपशिवाय माहीत होते.

अनन्याने मारिसेलचा चमचा पाहिला आणि मान फिरवली. "तेजू डू इट."

तेजू दोन खुर्च्यांपलीकडे दुसऱ्या मुलाला भरवत होती. तिने वर पाहिले नाही.

"तेजू डू इट," अनन्या पुन्हा म्हणाली, आणि मग ते वाक्य वीस मिनिटे चालले.

बुधवार: भात, काही नाही. गुरुवार: पास्ता, दोन चमचे. शुक्रवार: काही नाही, पाणी प्यायली. मिताली लॅबमध्ये यंत्रापुढे उभी राहून या नोंदी वाचत होती. पाच वाजता अनन्या गाडीत बसल्या बसल्या बिस्किटाचा पुडा फाडून खायची. पुण्याहून निरोप आला: रुळेल.

शुक्रवारी मूल आणायला गेल्यावर मितालीने दारात विचारले, "तेजश्री, रागावलीस का गं?"

"नाही. अनन्याचं सनस्क्रीन संपलंय. सोमवारी तुम्ही आणा."

आठ महिन्यांत ती मितालीला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाली होती. मितालीने ते ऐकले, आणि दप्तर घेऊन निघाली.

रविवारी ऋतिकाचा मेसेज आला. ऋतिका मंडळातली मैत्रीण, तिचा मुलगा त्याच वर्गात. "तुझ्या सासूबाईंनी माझ्या सासूबाईंना सांगितलं. मला माहीतच नव्हतं असं मागता येतं. तुझीच लाइन त्यांच्याकडून मागवून मीही टाकली, थँक्स यार." सोमवारी आणखी एका घराने तीच लाइन टाकली. घाईत त्यांनी आपल्या मुलाचे नाव घालायचे राहून गेले, त्यामुळे अनन्याला तेजश्रीने भरवू नये अशी विनंती आता दोन कुटुंबांकडून आली होती. ती त्यांच्या मुलाच्या खात्यावरून आली, म्हणून पट्टी मात्र त्याच्याच नावापुढे लागली.

पाचपैकी तीन मुलांना जी बाई भरवू शकत नाही, ती जेवणाच्या वेळी त्या वर्गात कर्मचारी म्हणून मोजली जात नाही. हे शॅरनने ठरवले नव्हते, वेळापत्रक लावणाऱ्या संगणकाने ठरवले होते. त्यानेच पर्यायही सुचवला: तेजश्रीला वर्गातून काढून लाँड्रीत द्यावे. लाळेरी, चादरी, पुसायची फडकी. शॅरनला वाईट वाटले, म्हणून तिने ते हसून सांगितले.

"शुक्रवारी पालकांबरोबर बसून आपण रीतसर योजना भरू. ती सेव्ह झाली की सोमवारपासून लागू. आणि तेजश्री, तू त्याच संस्कृतीतली आहेस, तर मजकूर लिहायला मला मदत करशील का? मला चुकीचा शब्द वापरायचा नाही."

तेजश्रीने मान वळवली. खिडकीबाहेर तिची पाच मुले वाळूत खड्डा खणत होती.

"करीन," ती म्हणाली. "पण सगळे समोर असताना."

शुक्रवारी साडेचारला सगळे समोर आले. जागा मुलांच्याच वर्गात होती, त्यामुळे खुर्च्या गुडघ्याएवढ्या. यतीन पाय कुठे ठेवावेत या विवंचनेत होता. शॅरनने घरातल्या ज्येष्ठांचे मत महत्त्वाचे मानून पुण्यालाही बोलावले होते. मितालीचा फोन लाकडी ठोकळ्यांना टेकवून ठेवला होता, आणि त्यात चित्रलेखाबाई इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. तेजश्री टेबलाच्या टोकाला. बोलणे इंग्रजीत चालले.

"बाकी सगळं भरलंय," शॅरन म्हणाली. "एकच रकाना राहिलाय, कारणाचा. लाल चांदणी आहे, तो भरल्याशिवाय योजना सेव्ह होत नाही. हे धार्मिक आहे का?"

"तसं धार्मिक नाही म्हणता येणार," यतीन म्हणाला.

"अ‍ॅलर्जी?"

"नाही, नाही."

"तेजश्रीकडून काही चुकलंय का?"

"छे. ती तर ग्रेट आहे."

"मग मी काय लिहू?"

यतीनने सुचवले, "कल्चरल लिहा ना."

"ते सदरात आहेच. रकान्यात नेमकी प्रथा विचारली आहे. स्टाफला समजावून सांगावी लागते ना, नाहीतर कोणाचं मन दुखावेल."

मागच्या खोलीत कोणीतरी खेळणी डब्यात टाकत होते, एकेक. शॅरन पेन धरावे तसे बोट टॅबलेटवर धरून थांबली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर शिकायची खरीखुरी तयारी होती. ती सगळ्यांत अवघड गोष्ट होती.

फोनमधून चित्रलेखाबाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "स्वच्छतेचा प्रश्न आहे, असं लिहा."

शॅरन ताठ बसली. "मग ही योजना नाही, ही तक्रार झाली. आरोग्याची तक्रार मला आजच्या आज वर कळवावी लागेल. चौकशी होईल. तुम्ही काय पाहिलंत ते तारीखवार सांगावं लागेल. तेजश्रीच्या हात धुतल्याच्या आठ महिन्यांच्या नोंदी मी आत्ता काढते."

"तसं नाही," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "तिच्या स्वच्छतेबद्दल काहीच म्हणायचं नाही मला."

"मग कोणाच्या?"

यतीन मराठीत आला. आवाज खाली. "तेजश्री, हे बघ, प्लीज पर्सनल घेऊ नकोस."

तेजश्रीही मराठीतच बोलली. "माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी ती शिजवायची. वीस पोरं हजेरीला असायची, जेवायला सहा. बाकीची घरी जाऊन जेवून यायची. रजिस्टरात मात्र वीसची वीस जेवली. बाई रोज लिहायच्या, माझी आई रोज भांडं धुवायची, अर्धं भरलेलं. कारण कुणी कधीच लिहिलं नाही. तिथे तो रकानाच नव्हता. इथे आहे."

"ती काय म्हणाली?" शॅरनने विचारले. तिला कोणी सांगितले नाही.

तेजश्रीने हात पुढे केला. "दे. लिहिते मी."

तिने फार वेळ घेतला नाही. लिहून झाल्यावर टॅबलेट आपल्याकडेच ठेवून वाचून दाखवले. या कुटुंबाला आपल्या मुलीने तेजश्रीच्या हातचे अन्न खाऊ नये असे वाटते, कारण तेजश्री ज्या जातीत जन्मली ती जात हे कुटुंब स्वतःच्या जातीपेक्षा खालची मानते. मग तिने टॅबलेट वळवून मितालीपुढे सरकवला.

"शब्द बरोबर आहेत का बघा. खाली दोघांनी बोटानं सही करायची."

शॅरनचा हात तिच्या तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"हे असं लिहायची काही गरज नाहीये," यतीन म्हणाला.

"मग कसं लिहू?"

फोन म्हणाला, "मिताली, सही करू नकोस. असलं काही आपण म्हटलेलंच नाही."

मितालीने फोनकडे पाहिले. "मग आपण काय म्हटलंय, आई?"

मुरलीधररावांचा आवाज कुठून तरी बाजूने आला. "अगं, पोर आठवडाभर धड जेवली नाहीये. भरवू दे की तिला."

"तुम्ही थांबा हो जरा."

सहीच्या चौकटीत एक छोटी उभी रेघ उघडझाप करत होती. मितालीने दहा दिवसांपूर्वी याच अ‍ॅपवर बोट टेकवले होते, तेव्हा ते किती हलके गेले होते. आता चौकटीच्या वर तिचेच वाक्य होते, फक्त त्यातला एक शब्द काढून त्याचा अर्थ घातलेला.

"हे खरं आहे," ती शॅरनला म्हणाली. "तिनं लिहिलंय ते सगळं खरं आहे. पहिली लाइन मी पाठवली होती, यतीननं नाही, आईंनीही नाही. मला ती विनंती काढून घ्यायची आहे."

"मिताली, घरी जाऊन बोलू," यतीन म्हणाला.

"घरी आपण बोलत नाही. घरी तू पटत नाही म्हणतोस आणि मी लिहिते."

"मग मी काही जुलैत यायची नाही," चित्रलेखाबाई म्हणाल्या.

"या, आई. तिकीट काढलंय. पण अनन्याला इथून न्यायला तुम्हीच यायचंय, मी लॅबमध्ये असते. तेजश्री तिला तुमच्या हातात देईल. तिच्याकडून घ्यावं लागेल."

फोनचा पडदा काळा झाला. बाईंनी बंद केला की पुण्याचे नेट गेले, हे कळायला मार्ग नव्हता.

मिताली तेजश्रीकडे वळली. तिने तोंड उघडले.

"सॉरी नको," तेजश्री म्हणाली. "काढून घेण्याचंही कारण लिहावं लागतं. तो रकानाही सक्तीचा आहे."

मितालीने बराच वेळ लिहिले आणि बराच मजकूर पुसला. शेवटी जे उरले ते असे: खरे कारण लिहायची लाज वाटली म्हणून मी कल्चरल लिहिले होते; ज्याची लाज वाटते ते करायला नको होते. तिने सही केली. दुसरी सही बापाची. यतीन टॅबलेटकडे पाहत बसला. त्याने एकदा फोनकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे. बाहेर पार्किंगची पंधरा मिनिटांची मर्यादा कधीच उलटली होती. त्याने सही केली. ती विवेकाने केली की पार्किंगमुळे, हे अ‍ॅप विचारत नाही.

ते गेल्यावर शॅरनने लाँड्रीचा बदल रद्द केला आणि मग छोट्या खुर्चीवर तशीच बसून राहिली.

"मला कळायला हवं होतं का?" तिने विचारले.

"तू मला विचारलं असतंस तर कळलं असतं," तेजश्री म्हणाली. "तू मला मजकूर लिहायला सांगितलंस."

त्याच संध्याकाळी उरलेल्या दोन घरांना अ‍ॅपवरून सूचना गेली: कृपया कारण भरा. ऋतिकाने ती उघडली, वाचली, बंद केली. दुसऱ्या घरानेही तेच केले. चौदा दिवस कारण आले नाही की विनंती आपोआप रद्द होते, त्याप्रमाणे दोन्ही झाल्या. मंडळाच्या ग्रुपवर या विषयावर काहीच लिहिले गेले नाही. त्या आठवड्यात तिथे सहलीच्या बसची चर्चा जोरात होती.

सोमवारी तेजश्रीने अनन्यापुढे वाडगा ठेवला. अनन्याने तोंड उघडले आणि अर्धा भात खाल्ला. नोंद झाली: अर्धा. मिताली त्यानंतरही रोज तिच्याशी दारात बोलते. तेजश्री नीट उत्तरे देते, आणि 'तुम्ही' म्हणते.

वर्षाच्या शेवटी पाळणाघराने वरिष्ठ कार्यालयाला वार्षिक अहवाल पाठवला. त्यात 'भेदभावाच्या तक्रारी' अशी एक ओळ असते. शॅरनने ती भरण्यापूर्वी सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि शून्य लिहिले. आकडा बरोबर होता. तक्रार कोणीच केली नव्हती.